फुकटचा आवाज

"आवड म्हणून करतात हो ते! त्यात पैशाचं काय?"

डोंगरातल्या कम्युनिटी रेडिओचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. बोलणारा माणूस वाईट नसतो, मनापासून कौतुकच करत असतो. पण माझं स्पष्ट मत सांगतो, विजा कोसळून जेवढी केंद्रं बंद पडत नसतील तेवढी या कौतुकाने पडत असतील.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्याला एफएम म्हटलं की ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर कानाशी बडबडणारा आरजे एवढंच आठवतं. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. भांडण होतं क्रिकेटच्या प्रक्षेपणाचं (आपल्याकडे लोकशाहीसुद्धा क्रिकेटच्या मागून येते!), आणि प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत म्हणजे आपले मराठी. तरी सामान्य लोकांच्या संस्थांना स्वतःचं केंद्र काढायची परवानगी मिळायला २००६ साल उजाडलं. मग २००८ मध्ये साताऱ्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' आली, २०१० मध्ये नैनिताल जिल्ह्यातल्या सुपी गावात 'कुमाऊँ वाणी', आणि २०१४ मध्ये रुद्रप्रयाग जिल्ह्यात 'मंदाकिनी की आवाज'. चोपता-तुंगनाथचा ट्रेक केलेल्यांनो, मंदाकिनीच्या काठाने गाडीतून जाताना तुम्ही याच खोऱ्यातून गेलात. कानात हेडफोन होते, त्यामुळे कळलं नसेल, एवढंच.

आता इंजिनियर लोकांसाठी खास मुद्दा. या केंद्रांना साधारण १०० वॅटची परवानगी असते, फार गरज सिद्ध केली तर २५० ची. अँटेना जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर. सपाट मुलखात एवढ्यावर दहा-पंधरा किलोमीटर आवाज जातो. पण एफएमच्या लहरी बऱ्यापैकी सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालणं त्यांना फारसं जमत नाही. म्हणजे समोरच्या उतारावरचं गाव खणखणीत ऐकणार आणि धारेपलीकडचं गाव, हवाई अंतर दोन किलोमीटर का असेना, खरखर ऐकणार. "मग पॉवर वाढवा की!" १०० चे २५० वॅट केले तर वाढ मिळते फक्त चार डेसिबलची. मधला डोंगर त्याच्या कितीतरी पट गिळून बसलेला असतो. हार्डवेअर टाकून सुटणारा हा प्रॉब्लेमच नाही.

मग पलीकडच्या गावात पोचायचं कसं? पायांनी. रेकॉर्डर खांद्याला लावून कुणीतरी चढ चढतं, बायकांशी, शेतकऱ्यांशी, शाळेतल्या पोरांशी बोलतं, परत येऊन एडिट करतं आणि दुसऱ्या खेपेला तो कार्यक्रम चार लोक जमवून वाजवून दाखवतं. उत्तराखंडात परवाना मिळण्याच्या कितीतरी आधीपासून तरुण मंडळी हे असंच करत होती. थोडक्यात, डोंगरातल्या रेडिओचा खरा खर्च म्हणजे माणूस. ट्रान्समीटर एकदा घेतला की झालं. माणूस मात्र रोज लागतो. रोज जेवतोसुद्धा.

आणि नेमका तोच खर्च द्यायला कुणी तयार नसतं! यंत्रसामग्रीला देणगी मिळते, कारण तिच्यावर देणाऱ्याच्या नावाची पाटी लावता येते, फीत कापता येते, फोटो निघतो. 'मार्च महिन्याचा पगार' या गोष्टीचा फोटो कसा काढणार? आपल्या कंपन्यांचे सीएसआरवालेही यात मागे नाहीत. जुने लॅपटॉप देऊन टाकतील, पण ते चालवणाऱ्या मुलीला महिन्याचे पैसे द्या म्हटलं की "हे सस्टेनेबल कसं होणार?" असा गंभीर प्रश्न येतो. तुमचं डिपार्टमेंट सस्टेनेबल आहे का हो? तिथे तर सगळ्यांना पगार आहे!

"जाहिराती घ्याव्यात की त्यांनी." बरं, हिशेब करू. २०२४ पासून या केंद्रांना तासाला १२ मिनिटं जाहिरात करता येते, सरकारी दर दहा सेकंदांना ७४ रुपये. सगळी १२ मिनिटं भरली तर तासाला ५,३२८ रुपये. एक्सेलमध्ये छान दिसतं. पण खोऱ्यात जाहिरात देणार कोण? मिठाईवाला, मोबाइल रिचार्जवाला आणि जीपवाला? त्यांचं दुकान सगळ्यांना आधीच माहीत आहे. मोठ्या ब्रँडला हवेत लाखो कान, आणि इथे निम्मे कान डोंगराच्या सावलीत. शिवाय सरकारची मर्जी कधी फिरेल त्याचा नेम नाही. २०१२ मध्ये स्पेक्ट्रमची वार्षिक फी १९,७०० रुपयांवरून थेट ९१,००० करायचं घाटत होतं. आरडाओरडा झाला म्हणून ते मागे घेतलं गेलं.

आता एक हमखास आक्षेप: "प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन आहे, रेडिओ कशाला?" जून २०१३ आठवा. केदारनाथच्या महापुरात याच मंदाकिनी खोऱ्यातले रस्ते, पूल, वीज गेली आणि ठिकठिकाणी फोनही गेले. मोबाइल टॉवरला वीज लागते आणि पुढे जोडणारी लाईन लागते, त्यातलं एक तुटलं की तो नुसता लोखंडी सांगाडा. लहानसा ट्रान्समीटर बॅटरीवर आणि सोलरवर तग धरू शकतो आणि ऐकणाऱ्याला दोन सेल पुरतात. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर इमारती सोडून तंबूतून केंद्रं चालवली गेली, ती उगाच नाही.

पण अशा वेळी माइकसमोर कोण हवं? आपल्याकडे कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावायच्या. आपत्तीची माहिती द्यायला हरकत नाही, पण ती प्रशासनाकडून आलेली हवी. म्हणजे अफवा कोणती, खात्रीची माहिती कोणती, कुणाला फोन करून पक्कं करायचं, काय बोलायचं आणि काय गिळायचं, हे कळणारं माणूस हवं. ते शिकायला वर्षं जातात. आणि आपण अपेक्षा ठेवणार की हे सगळं कुणीतरी फावल्या वेळात, चहाबिस्किटावर करावं!

आपल्याकडे शनिवारी रात्री सर्व्हर बघायला बसलं तर ऑन-कॉलचा भत्ता मिळतो. नाही मिळाला तर आपण काय म्हणतो ते इथे छापण्यासारखं नाही.

फुकट काम करणारा तरुण शेवटी करतो काय? डेहराडून नाहीतर दिल्लीची बस पकडतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पौडी आणि अल्मोडा या जिल्ह्यांची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी चक्क घटली. अशा मुलखात "स्वयंसेवक मिळतात की" म्हणणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतत राहणं. एक पोर शिकून तयार होतं, जातं. दुसरं येतं, पुन्हा अ आ इ ई. आपल्या टीममध्ये दर सहा महिन्यांनी सगळे बदलले तर प्रोजेक्टचं काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

"पगार दिला की सेवाभाव संपतो" असं म्हणणारेही आहेत. शाळेतल्या बाईंचा पगार घेतल्याने शिकवण्यातला जीव गेला का? नर्सचा गेला का? हौशी माणसं असावीतच. गाणी म्हणायला, गोष्टी सांगायला, गावाच्या यात्रेचं वर्णन करायला गावानेच यावं, तोच तर या रेडिओचा प्राण आहे. पण कुलूप उघडणारे, यंत्र सांभाळणारे, रोज ठरल्या वेळी आवाज देणारे दोन-तीन जण तरी पगारी हवेत. ना-नफा म्हणजे ना-पगार नव्हे.

तेव्हा मंडळी, एक विनंती. त्यांच्यासाठी अ‍ॅप बनवायला धावू नका. दोन दिवसांची वर्कशॉप घेऊन सेल्फी काढून परत येऊ नका. पाच मित्र एकत्र या, एखादं केंद्र निवडा, त्यांचे हिशेब मागून बघा (तो तुमचा हक्क आहे) आणि एका माणसाचा पगार तीन वर्षं द्या. महिन्याच्या महिन्याला, न चुकता, जसा तुमचा जमा होतो तसा. पावतीवर कारण लिहा: पगार.

नाहीच जमलं तर निदान एवढं करा. पुढच्या वेळी कुणी "आवड म्हणून करतात हो" म्हणालं की त्याला विचारा, तू काय नावड म्हणून पगार घेतोस का रे?