बाहीवरचं पदक आणि हातातली गाठ

स्काऊट-गाइडची मुलं पदकांसाठी मेहनत घेत नाहीत, ही तक्रार पथक चालवणाऱ्या शिक्षकांकडून आणि पालकांकडून नेहमी ऐकू येते. मग आमिष वाढवलं जातं. दहावीला सवलतीचे गुण मिळतील, प्रमाणपत्र पुढे कामाला येईल, त्या अमक्याच्या बाहीवर बघ किती पदकं आहेत! हा उपायच दुखणं वाढवतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी काम मुलाच्या हाताला आवडावं आणि पदक त्याच्या मागून यावं. उलट्या क्रमाने गेलं की पदक शिवून होताच मूल त्या कामाकडे पाठ फिरवतं.

याला आधार आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रांची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. हा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना आधीच सांगितलं की, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात, बक्षीस कबूल करून चित्रं काढून घेतलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. प्रमाणपत्रापायी चित्राची गोडी कमी झाली होती.

यावर कुणी म्हणेल, ती तीन ते पाच वर्षांची मुलं, त्यांना चित्रं आवडतच होती. बारा वर्षांच्या मुलाला प्रथमोपचाराची आवड कुठून असणार? आक्षेप रास्त आहे. नव्या, थोड्या कंटाळवाण्या कामाला सुरुवातीला ओढ लागतेच, आणि प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान ही पायऱ्यांची रचना ती ओढ देतेही. पण मुलाला पायरीवर टिकवतं ते आपल्याला काहीतरी जमतंय हे कळणं. हाताच्या झोळीची त्रिकोणी पट्टी मानेजवळ बांधताना रीफ नॉट घालतात, कारण ती सपाट बसते, टोचत नाही आणि सोडायला सोपी जाते. दुसरा वेढाही पहिल्याच्याच बाजूने घेतला की तिची ग्रॅनी नॉट होते आणि ताण आला की सरकते. चूक कापडच दाखवतं. मूल गाठ सोडतं, पुन्हा बांधतं, आणि ती घट्ट बसल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कुठल्याही गुणपत्रिकेने येत नाही. या क्षणानंतर मिळालेलं पदक लाच राहत नाही, जमलेल्या कामाची ती पावती असते.

दुसरा आक्षेप कच्च्या मुलांविषयीचा: त्यांची बाही रिकामीच राहणार का? स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी याचं उत्तर स्वतःच देऊन ठेवलं आहे. पदकाची कसोटी म्हणून त्यांनी कौशल्याच्या दर्जापेक्षा मुलाने घेतलेल्या कष्टांना महत्त्व दिलं. अडखळत शिकणाऱ्याला त्यांच्या योजनेत पूर्ण जागा होती. जागा नव्हती ती दुसऱ्याची नोंदवही उतरवून चाचणी शिबिराला येणाऱ्याला. आपण मात्र वह्या तपासतो आणि दोर कपाटात ठेवतो.

म्हणून पालकांना एक विनंती. मूल पथकातून घरी आलं की ‘काय मिळालं?’ असं विचारू नका. घरातली एखादी ओढणी त्याच्या हातात द्या, आपला हात पुढे करा आणि म्हणा, ‘झोळी कशी बांधतात, दाखव बघू.’