मेंदूचा घाव रक्तात उमटतो, पण वेळेत वाचता येतो का?

चाकण : तळेगाव चौकातील वाहनांची रांग हा एरवी वाहतुकीचा प्रश्न, पण पक्षाघात झालेल्या रुग्णासाठी तो चेतापेशींचा प्रश्न ठरतो. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब अमेरिकी मेंदूतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मात्र पक्षाघात गुठळीमुळे झाला की रक्तस्रावामुळे, हे सीटी स्कॅनसारख्या तपासणीशिवाय खात्रीने कळत नाही, आणि रक्तस्राव असल्यास हेच औषध जिवावर बेतते.

हृदयविकारात ट्रोपोनिनच्या रक्तचाचणीने जी सोय झाली, ती मेंदूसाठी का नसावी? या प्रश्नातूनच संशोधकांचे लक्ष ‘मायक्रोआरएनए’कडे वळले. जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडची ही साखळी जनुकांपासून प्रथिने किती बनावीत यावर अंकुश ठेवते. व्हिक्टर अँब्रोस यांना ती १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत सापडली. त्यांना व गॅरी रव्हकन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. हे रेणू रक्तद्रवातही टिकून राहतात, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. त्यांपैकी ‘मिर-१२४’ प्रामुख्याने चेतापेशींत आढळतो. त्या पेशींना इजा झाली की तो रक्तात उतरतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले.

घोडे अडते ते पुढे. हा रेणू पक्षाघातात वाढतो, तसाच डोक्याला मार लागल्यावरही वाढू शकतो. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातील मायक्रोआरएनए मिसळून आकडेच बिघडतात. तुलनेसाठी कोणता रेणू स्थिर धरावा, यावरही एकमत नाही. मोजणी होते ती करोनाकाळात घरोघरी ठाऊक झालेल्या आरटी-पीसीआर तंत्राने. पुण्याच्या मायलॅबने मार्च २०२० मध्ये करोनाचा संच बाजारात आणला होता, तेव्हा संच बनविणे या पट्ट्याला अवघड नाही. अडचण घड्याळाची आहे : या तंत्राला प्रयोगशाळा लागते आणि सहसा काही तास लागतात.

प्रथिनांच्या चाचण्या त्यामानाने पुढे गेल्या आहेत. ‘जीएफएपी’ व ‘यूसीएच-एल१’ या दोन प्रथिनांवर आधारित चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२४ मध्ये रुग्णाच्या उशाशी सुमारे १५ मिनिटांत निष्कर्ष देणारी आवृत्तीही मंजूर झाली. अर्थात ती पक्षाघातासाठी नाही. डोक्याला सौम्य मार लागलेल्या प्रौढाला सीटी स्कॅनची गरज आहे का, एवढेच ती सांगते. दुचाकीवरून पाळीला ये-जा करणाऱ्या कामगारांच्या वसाहतीत हे ‘एवढेच’ थोडे नव्हे. चाकणहून पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयापर्यंतचा मोशी-भोसरीमार्गे सुमारे २० किलोमीटरचा प्रवास कोणाला तातडीने हवा आणि कोणाला नको, हे त्यातून ठरविता येऊ शकेल. तोंड वाकडे झालेल्या, हात लुळा पडलेल्या रुग्णाला मात्र तूर्तास १०८ ची रुग्णवाहिका आणि सीटी स्कॅन असलेले रुग्णालय यांवाचून पर्याय नाही.