‘देव’ आणि ‘सांतो’

ऑगस्ट २०२२ मध्ये जांब समर्थच्या राममंदिरातून जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरात पोलिसांनी चोरीचा छडा लावला. वृत्तपत्रांनी ‘मूर्ती’ असे लिहिले. बोलणारा मराठी माणूस मात्र सहज म्हणेल, ‘देव चोरीला गेले’. हे तीन शब्दांचे वाक्य पोर्तुगीजमध्ये कसे न्यावे?

‘देउस’ हा कोशातला प्रतिशब्द चालत नाही. तिथे आद्याक्षर मोठे की लहान, हे आधी ठरवावे लागते आणि त्यावर एकच ईश्वर की अनेकांपैकी एक हे ठरते. देवनागरीला मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे आपल्यावर हा निवाडा करण्याची वेळच येत नाही. शिवाय ‘गेले’ हे अनेकवचन की आदरार्थी, हेही मराठीत बिनदिक्कत संदिग्ध राहते.

‘ईदोलो’ म्हणजे मूर्ती खरी, पण या शब्दाला रक्ताचा वास आहे. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली, ती ईदोलोंची घरे म्हणूनच. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी नदीपलीकडे अंत्रुजात नेली, तेव्हा त्यांच्या लेखी ते ‘देव’ वाचवत होते, मूर्ती नव्हे. ‘पागोद’चे तर विचारूच नका : देऊळही तेच, मूर्तीही तीच, होनाचे नाणेही तेच; आणि आज ब्राझीलमध्ये तो सांबा संगीताचा एक प्रकार!

माझे मत ‘सांतो’च्या बाजूने आहे. शब्दशः अर्थ संत. पण पोर्तुगीज बोलणारा भाविक चर्चमधल्या संताच्या पुतळ्यालाही सरळ ‘सांतो’ म्हणतो. म्हणजे लाकूड आणि त्यात वसणारा यांत तोही भेद करीत नाही. ब्राझीलमधल्या आफ्रिकी वंशाच्या उपासनापंथांत ‘सांतो’ अंगात उतरतोदेखील. आपल्या ‘अंगात देव आला’चे याहून चांगले भाषांतर मला ठाऊक नाही. (‘देवी आल्या’ या आजाराला मात्र तो उपयोगी नाही, तिथे ‘बेशीगस’ म्हणून मोकळे व्हावे.)

अडचण नेमकी जांबमध्येच उभी राहते. हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. ते संत, म्हणून ‘सांतो’. त्यांचा राम देव, म्हणून तोही ‘सांतो’. सांतोने सांतोची उपासना केली, असे वाक्य होईल! ‘संत’ आणि ‘सांतो’ यांचे ध्वनी जुळतात, कुळ जुळत नाही : एक ‘सत्’पासून, दुसरा लॅटिनमधून.

तेव्हा चोरीच्या वाक्यात ‘सांतो’ ठेवावा, आणि समर्थांसाठी मराठी ‘संत’ हाच शब्द पोर्तुगीज वाक्यात तसाच बसवावा. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणात ख्रिस्ती स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ वापरलेच होते. तेव्हा समर्थ आठ वर्षांचे होते.