माग का थांबला? जॉबरचे न लिहिलेले शास्त्र

१/ वडपे येथे मुंबई-नाशिक महामार्गालगत आज गोदामांच्या रांगा आहेत. जवळच्या भिवंडी शहरात मात्र जुने यंत्रमाग अजून खडखडतात. त्यांतील साध्या मागांची घडण मुळात १८४२ च्या सुमारास लँकेशायरमध्ये सिद्ध झालेली आहे. पुढे विजेची मोटर आली. धोटा आणि फणी तीच राहिली.

२/ इतके जुने यंत्र टिकल्याचे श्रेय लोखंडाला दिले जाते. ते जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, द्यायला हवे.

३/ एक उदाहरण पाहा. आडवा धागा, म्हणजे बाणा, तुटताच माग थांबावा म्हणून कडेला एक छोटा काटा असतो. ताणलेला बाणा दर फेरीला त्याला ढकलतो. बाणा नसेल तर काटा जागचा हलत नाही, त्याचा आकडा अडकतो आणि माग बंद पडतो.

४/ धागा शाबूत असूनही माग थांबला तर? नवशिका काटाच बदलेल. जाणता जॉबर धोटाही पाहतो. धोटा पेटीत आदळून मागे उसळत असेल, तर बाणा सैल पडतो आणि काटा ढकलला जात नाही. उलट, धागा तुटूनही माग चालत राहिला, तर काट्यापुढच्या जाळीत तुसे अडकले आहेत का, हे तपासावे लागते. लक्षण एकीकडे, कारण दुसरीकडे.

५/ इतिहासग्रंथांतला जॉबर वेगळाच आहे. १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या अहवालात तो मुख्यतः कामगार भरणारा आणि त्यासाठी लाच घेणारा मध्यस्थ म्हणून येतो. तो आरोप निराधार नव्हता. पण त्याआड त्याचे यंत्रज्ञान झाकले गेले.

६/ १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. त्याच्या आगेमागे गिरण्यांतील कित्येक जुने माग स्वस्तात विकले गेले आणि भिवंडीत पुन्हा चालू लागले. त्यांच्यासोबत दुरुस्तीची पोथी आली नाही. ती जॉबरच्या हातांत होती.

७/ आता धोट्याविना चालणारे माग येत आहेत आणि जुने भंगारात जात आहेत. कर्कश आवाज, तंतूंची धूळ, तुटपुंजी मजुरी पाहता त्यांचा मोह धरण्याचे कारण नाही. परंतु संग्रहालयात नुसता माग उभा करणे म्हणजे अर्धाच इतिहास जपणे होय.

८/ तरुण इतिहासप्रेमींनी वृद्ध जॉबरांकडे जावे, बिघडलेल्या मागाशेजारी त्यांना बोलते करावे आणि ते आधी काय तपासतात, नंतर काय, हे क्रमाने नोंदवावे. हे दस्तऐवज कोणत्याही अभिलेखागारात आयते मिळणार नाहीत.