विष बाटलीत नको, घरातही नको

आपल्याकडे फवारणीच्या विषाला ‘औषध’ म्हणतात आणि खताला ‘पिकाचे अन्न’. ह्या दोन गोड शब्दांमुळेच ह्या वस्तू माणसांच्या घरात निर्धास्तपणे शिरल्या आहेत. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यातील घरे पाहावीत. पलंगाखाली विद्राव्य खताच्या पिशव्या आणि मोरीजवळच्या फळीवर ठिबकच्या नळ्या साफ करण्याचे ॲसिड, तेही पाण्याच्या नाहीतर शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवलेले. माझे स्पष्ट मत असे, की ह्यातली एकही वस्तू राहत्या घरात असू नये आणि ती मूळ डब्यातून काढून दुसऱ्या बाटलीत तर कधीच भरू नये.

कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल. खताच्या पिशवीवर असा त्रिकोण नसतो, म्हणून खत निरुपद्रवी अशी समजूत आहे. ती खरी नाही. युरियाची गोणी धुतलेले पाणी गाईम्हशींनी प्यायले, तर पोटात त्याचा अमोनिया होऊन जनावर काही तासांत दगावू शकते. पोटॅशियम नायट्रेट (१३-०-४५) किंवा कॅल्शियम नायट्रेट मुलाच्या पोटात गेले, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. ओठ व नखे निळी पडतात. पोटॅशियम नायट्रेट आगही भडकवते. ते गंधक, डिझेल आणि कडब्यापासून दूरच हवे.

ॲसिडचे दुखणे सर्वांत वाईट. तहानलेल्या मुलाने बाटली तोंडाला लावली, की एका घोटात अन्ननलिका भाजते. जीव वाचला तरी जखम भरताना नळी आवळत जाते आणि ते मूल पुढे घासही धड गिळू शकत नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर, दोन्ही ठिबकसाठी वापरतात. पण ती एकत्र आली तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. त्यांना शेजारी ठेवू नये. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही.

फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते कातडी व डोळे भाजते, म्हणून रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. पण अनेक मजुरांना ठाऊक नसलेली गोष्ट वेगळीच आहे. हे लावणाऱ्याने दारू घेतली, तर शरीरात दारूचे पचन अडते. चेहरा लालबुंद होतो, धाप लागते, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. आदल्या दिवसापासून पुढे निदान आठवडाभर दारूला स्पर्श करू नये. हे मजुराला आधी सांगणे ही बागमालकाची जबाबदारी आहे.

डबा बदलणे किती महाग पडते, हे बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावाने जुलै २०१३ मध्ये पाहिले. शाळेतले मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलेले असावे, असे तेव्हा सांगण्यात आले. आपल्याकडेही रिकाम्या कॅनमध्ये रॉकेल, दूध, पाणी भरणारे आहेत. खताच्या गोण्या उसवून, शिवून त्यांवर धान्य आणि कुरडया वाळवणारी घरे तर गावोगाव आहेत. हे बंद झाले पाहिजे. रिकामा डबा भोके पाडून निकामी करावा.

यावर शेतकरी बंधू विचारतात, “डॉक्टर, मळ्यात ठेवले तर चोरीला जाते, मग ठेवायचे कुठे?” प्रश्न रास्त आहे. लागेल तेवढेच आणावे, हे पहिले उत्तर. उरलेल्यासाठी घराबाहेर, गोठ्यापासून व विहिरीपासून दूर, कुलपाची पत्र्याची पेटी असावी. किल्ली मुलांच्या हाती लागू नये. पावडर वर, पातळ पदार्थ खाली. चार शेजाऱ्यांनी मिळून एक खोली केली तरी चालेल. कृषी सेवा केंद्रांनीही सुटे ॲसिड ग्राहकाच्या बाटलीत भरून देणे थांबवावे. महागडी द्राक्षबाग उभी करणाऱ्याला एक पेटी परवडत नाही, हे मला पटत नाही.

एवढे करूनही अपघात झालाच, तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. ॲसिड वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजते. अंगावर सांडल्यास कपडे काढून वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावे, डोळ्यांनाही तेच. १०८ ला फोन करावा आणि रुग्णाबरोबर डबा किंवा पिशवी आणावी. पाण्याच्या बाटलीवर विषाचे नाव लिहिलेले नसते. नाव कळले नाही, तर आम्हा डॉक्टरांना लक्षणांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि त्यात जाणारा वेळ रुग्णाचा असतो.

वाचकांना एकच विनंती. आज संध्याकाळी आपल्या घराची मोरी, फळी आणि पलंगाखालची जागा एकदा तपासा. जे सापडेल ते उद्याच्या दिवसावर ढकलू नका.