चावडीवरची रिकामी जागा

1921 सालच्या रामनवमीला मुळशी पेट्यातील मावळे टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. त्या लढ्यात मावळातील बायाही उतरल्या होत्या. जमीन वाचविण्यासाठी ज्यांना हाक घालण्यात आली, त्यांना जमिनीची वाटणी करताना मात्र कोणी विचारीत नाही. शंभर वर्षे उलटली तरी हा अन्याय मावळातून हटलेला नाही.

ताम्हिणी घाटाच्या रस्त्यालगत जमिनीला भाव आला आणि लेकींच्या सह्यांनाही किंमत आली. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. तरीही हक्कसोडपत्र पुढे येते तेव्हा बहिणीसमोर पेच उभा राहतो: सही करावी तर हक्क जातो, न करावी तर माहेर तुटते. कोर्टात जावे, तर तालुक्याचे ठाणे पौडला आणि जिल्हा न्यायालय पुण्याला. एकेका तारखेला मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे पडते ते निराळेच. 1987 च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. पण हे तिला सांगावयाचे कोणी?

तंटा गावातच मिटावा, ही कल्पना चांगलीच आहे. 2007 साली राज्याने तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली ती याच हेतूने. परंतु तंटा मिटणे आणि न्याय होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. बैठकीतील वडीलधारे भावाचेच भाऊबंद असतील, तर तंटा मिटतो तो बहुधा बहिणीच्या मौनाने.

2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी त्रिसदस्य मंडळाची तरतूद आहे. मध्यस्थांची यादी करताना स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचा विचार ‘करता येईल’, एवढेच तो कायदा म्हणतो. शिवाय अशा समझोत्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ नाही. तो टिकतो तो उभय पक्षांच्या विश्वासावर. म्हणूनच मध्यस्थ कोण, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

केवळ बाई बसविल्याने न्याय होईल असे नव्हे. सुनेला गप्प बसविणारी सासूही बाईच असते. यासाठीच प्रशिक्षण हवे. सातबारा आणि फेरफार वाचता येणे, दोन्ही पक्षांचे वेगवेगळे ऐकून घेणे, अंगठ्यापूर्वी कागद मोठ्याने वाचून दाखविणे, विचाराला मुदत देणे, हे सारे शिकविता येण्याजोगे आहे. आपली मर्यादा ओळखणे हाही त्याच शिक्षणाचा भाग होय. मारहाण झालेल्या स्त्रीला समजूत घालून परत धाडणे ही मध्यस्थी नव्हे; तिला घरगुती हिंसाविरोधी कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याकडे पोचविलेच पाहिजे.

हे काम फुकटची समाजसेवा म्हणून बायकांच्या माथी मारू नये. मध्यस्थांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, त्यांत कातकरी वाडीवरील आणि भूमिहीन घरांतील स्त्रिया असाव्यात, आणि त्यांना प्रवासखर्चासह मानधन मिळावे. या किमान मागण्या होत. जमिनीच्या लढ्याला ज्या चालल्या, त्या जमिनीच्या निवाड्याला का चालू नयेत, याचे उत्तर शासनाने आणि गावानेही द्यावयास हवे.