शिर्डीच्या यात्रीनिवासांतील ऊन आणि पाणी

काकड आरती गाठू इच्छिणारा यात्रेकरू रात्री उशिरा शिर्डीत उतरतो, चार-सहा तास हॉटेलच्या खोलीत पाठ टेकतो, कढत पाण्याने स्नान करून दर्शनास जातो आणि बहुधा त्याच दुपारी परतीची गाडी धरतो. ही वस्तुस्थिती ध्यानात न घेता पर्यावरणस्नेही हॉटेलांविषयी जे उपदेश केले जातात, ते येथे निष्फळ ठरतात. टॉवेल उद्याही वापरावा, अशी विनंती समुद्रकाठच्या विश्रामस्थळी शोभते. जेथे पाहुणा उद्या असतच नाही, तेथे चादरी रोज धुणे क्रमप्राप्तच आहे. म्हणून शिर्डीने सुधारणेचा आरंभ न्हाणीघरापासून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उन्हाच्या सामर्थ्याचा दाखला गावातच आहे. श्री साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ साली प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ सौर तबकड्या बसविण्यात आल्या. सूर्याच्या गतीबरोबर फिरत त्या किरण एकवटतात, पाण्याची वाफ करतात, आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचे अन्न शिजते. जे ऊन एवढी वाफ निर्माण करू शकते, त्याला स्नानाचे पाणी तापविणे अवघड नाही. अडचण आहे ती नळांची. गच्चीवरील टाकीतले पाणी उघड्या नळांतून खालच्या मजल्यापर्यंत येताना निवते. पाहुणा तोटी सोडून हात पुढे धरून उभा राहतो, आणि ऊन धार लागेपर्यंत बादलीभर स्वच्छ पाणी मोरीत वाहून जाते. नळांना उष्णतारोधक वेष्टण आणि पाणी फिरते ठेवणारा एक छोटा पंप, एवढ्या तजविजीने हा अपव्यय थांबतो.

आणि हे पाणी कोणाचे? शिर्डी ज्यात येते तो राहाता तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या ज्या आवर्तनाकडे शिर्डीकर डोळे लावतात, त्याच पाटपाण्याची वाट येथील पेरूच्या बागाही पाहतात, आणि निळवंडे धरणाचा डावा कालवा खुला होण्यास अर्धशतकाच्या प्रतीक्षेनंतर २०२३ साल उजाडावे लागले. स्वतः साईबाबांनी मातीच्या घागरींनी पाणी घालून येथे फुलझाडे जगविली, ही हकीकत भाविकांना सांगावी लागत नाही.

स्नानाचे सांडपाणी गाळून शौचकूपांस पुरविणे हा दुसरा उपाय. परंतु त्यास स्वतंत्र नळजोडणी लागते आणि बांधून झालेल्या इमारतीत भिंती फोडाव्या लागतात. २०२७ च्या नाशिकच्या सिंहस्थासाठी येणारे असंख्य यात्रेकरू शिर्डीसही येतील, हे उघड असताना, नव्या इमारतींच्या बांधकाम परवान्यातच ही दुहेरी जोडणी सक्तीची करावी. जुन्या, लहान लॉजच्या मालकांवर मात्र हा बोजा एकाएकी लादणे अन्यायाचे होईल. त्यांना घरपट्टीत सवलत देऊन मुदत द्यावी.

यात प्रथम पाऊल संस्थानाने टाकावे. आपल्या प्रत्येक भक्तनिवासात दर माणशी किती पाणी व किती वीज खर्ची पडली, याचा हिशेब दरमहा दर्शनी फलकावर लावावा; त्यानंतर खाजगी मालकांकडे तोच हिशेब मागण्याचा नैतिक अधिकार नगरपालिकेस व भाविकांस प्राप्त होईल.